पंचावन्न हजारांत गेमिंग पीसी करताना कोटेशन कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला लोकमान्य नगरात राहणारा मुलगा, बी.टेक.चं पहिलं वर्ष. बाबांनी पंचावन्न हजार कबूल केलेत, मॉनिटर त्यातच बसवायचा. खेळायचं व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ आणि जमलं तर पुढे मोठे गेम. दोन दुकानांची कोटेशनं हातात आहेत. त्यातलं कुठलं घ्यावं, की सुटे पार्ट आणून घरी असेंबल करावं? आधी कधी कॅबिनेट उघडलेलं नाही.

दोन्ही कोटेशनं बाजूला ठेव. पण फाडू नकोस, कारण शिकायला ती फार उपयोगी आहेत.

पहिलं बघ. 'आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, २२ इंची एलईडी, आरजीबी कॅबिनेट, ३४ हजार.' वाचायला झकास. यात एकाही वस्तूचा मॉडेल नंबर नाही. तू विचारलंस तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रोसेसर आय७-४७७० आहे आणि ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०. म्हणजे प्रोसेसर २०१३ सालचा आणि कार्ड २०१४ सालचं. आय७ हे नुसतं आडनाव आहे, त्यापुढचे आकडे कुठल्या पिढीतला ते सांगतात. ४७७० ही चौथी पिढी. त्याला डीडीआर३ रॅम लागते, जी उद्या दुसऱ्या कशातच बसणार नाही. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आजचा आय३-१२१००, ज्याचं नाव ऐकून बाबा नाक मुरडतील, या आय७ला गेममध्ये सहज मागे टाकतो.

आणि '४ जीबी ग्राफिक्स' हा तर आपल्याकडचा सगळ्यात जुना खेळ आहे. कार्डावर मेमरी किती यावरून कार्ड किती जोरात चालतं ते कळत नाही. जीटी ७३० वर ४ जीबी संथ मेमरी चिकटवून विकतात. ते कार्ड स्क्रीनवर चित्र दाखवण्याच्या लायकीचं आहे, गेमच्या नाही. पुढे जे प्रोसेसर सुचवणार आहे त्यांच्या पोटातलं ग्राफिक्सदेखील त्याच्यापेक्षा बरंच पुढे आहे.

दुसरं कोटेशन अठ्ठावन्न हजारांचं. ते लबाड नाही, फक्त आळशी आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक स्टिक, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आरटीएक्स ३०५० ६ जीबी कार्ड, '४५० वॅट एसएमपीएस' (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा), पुढून काच आणि चार रंगीत पंख्यांचं कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर. पार्ट नवे आहेत, नावं खरी आहेत. तरी तीन ठिकाणी पैसा चुकीच्या जागी गेलाय, आणि चौथ्या ठिकाणी जायला हवा होता तो गेलेलाच नाही.

५६००जी मधला 'जी' म्हणजे प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स. कार्ड पहिल्या दिवसापासून लावणार असशील तर त्या आतल्या ग्राफिक्सचे पैसे वाया. साध्या ५६०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी आहे, जी मध्ये निम्मी, १६. व्हॅलोरंट-सीएससारख्या गेममध्ये हा फरक फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडतात त्यात, दिसतो. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ता: त्यात जी जुन्या पीसीआयई ३वर अडतो, साधा ५६०० पीसीआयई ४ देतो.

आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन निरनिराळी कार्डं विकली जातात. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर (काम करणारी छोटी युनिटं) आणि १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. ६ जीबीचं कार्ड ७० वॅटमध्ये भागतं आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये घालायला ते उत्तम. नव्या मशीनमध्ये मात्र त्याच्या आसपासच्या किमतीत एएमडीचं आरएक्स ६६०० मिळालं, तर डोळे मिटून तेच घ्यावं.

रॅमची एकच स्टिक असली की प्रोसेसर मेमरीशी एकाच मार्गाने बोलतो. ८ अधिक ८ अशा दोन लावल्या की दोन मार्ग उघडतात. दुकानदार म्हणेल, 'आत्ता एक घे, दुसरी नंतर टाक.' दुसरी नंतर आणलीस तर ती वेगळ्या चिपची निघते, दोघींचं जमलं तर जमलं. जोडी एकाच पाकिटातून घे. मला कळतंय की २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव अंगावर येतायत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या कारखान्यांचा माल ओढून घेतलाय, त्याची झळ आपल्या इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारापर्यंत, सिल्व्हर मॉलपर्यंत पोचली आहे. तरीसुद्धा ८ जीबीवर थांबू नकोस. भाव अगदीच परवडत नसेल तर डीडीआर४ची जोडी जुनी घ्यायलाही माझी हरकत नाही. रॅम झिजणारी वस्तू नाही. घरी आणून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवायचा. सकाळी एकही एरर नसेल तर ती रॅम चांगली, एक जरी दिसली तर परत.

आता चौथं, म्हणजे एसएमपीएस. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

कोटेशनमध्ये '४५० वॅट' एवढंच लिहिलंय. असला डबा हातात घे आणि बाजूचा स्टिकर वाच. तिथे एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते १२ व्होल्टवर. त्याखालचा अँपिअरचा आकडा बाराने गुण. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट, म्हणजे '४५०' हे फक्त रंगवलेलं नाव. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट. हा गुणाकार दुकानात उभं राहून कर, दुकानदाराचा बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

तुझी गरज खरं तर फार नाही. रायझन ५ ५६०० पूर्ण जोरात पंच्याहत्तर-ऐंशी वॅट, आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॅट, बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून आणखी पन्नास धर. तीनशेच्या आतच झालं. ४५० वॅटचा खरा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवल्याचा शिक्का) असलेला एसएमपीएस पुरतो. ५५०चा घेतलास तर पुढच्या कार्डालाही जागा राहते. पण तो खरा असला पाहिजे. स्वस्त डब्यात जास्त व्होल्टेज, जास्त करंट, शॉर्ट यांपासून वाचवणारी सर्किटं नसतात किंवा नावापुरती असतात. असा डबा एकटा मरत नाही, जाताना बोर्ड आणि कार्ड बरोबर नेतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या पहिल्या वादळात वीज जाते-येते-जाते, तेव्हा नेमकं हे घडतं.

अर्थिंगचंही याच ओघात सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. रामबाग, नारायण बागेतली जुनी घरं असोत की तुमच्या भागातली चाळीस वर्षांपूर्वीची, कित्येक ठिकाणी तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मग कॅबिनेटच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार सांगतो, 'स्टॅटिक आहे.' ते स्टॅटिक नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधला बारीक करंट जमिनीत जायला वाट शोधत असतो. मशीन यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलाव, मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज बघायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. फेज आणि अर्थमध्ये काहीच दिसत नसेल तर अर्थ नाहीच. हा खर्च पीसीच्या बजेटमधून कापू नकोस, घराच्या खात्यात टाक. आईचा फ्रिज आणि वॉशिंग मशीनदेखील त्याच अर्थिंगवर आहेत.

साधा ६ अँपिअरचा सॉकेट मात्र चालतो, तेराशे वॅटपर्यंतचं ओझं तो घेतो. गेमिंग पीसीसाठी एसीसारखा मोठा पॉइंट पाडायची गरज नाही. बाबा विजेच्या बिलाचं विचारतील. तीनशे वॅट, रोज चार तास धरले तर १.२ युनिट, महिन्याला छत्तीस. आणि रोज चार तास खेळणार असशील तर बिलापेक्षा वेगळ्या विषयावर बोलणं होईल, त्यात मी पडत नाही.

मग घ्यायचं काय? पंचावन्न हजारांत मॉनिटरसकट सगळं नवं, सगळं चांगलं आणि वर बरं ग्राफिक्स कार्ड, हे रॅमच्या आत्ताच्या भावात बसत नाही. काहीतरी पुढे ढकलावं लागणार. दुसऱ्या दुकानदाराने तुला न विचारता एसएमपीएस आणि रॅम ढकलली, कारण गिऱ्हाईक ते बघत नाही. मी उलट सांगतो: जे नंतर दोन मिनिटांत स्क्रू काढून लावता येतं ते पुढे ढकल. ग्राफिक्स कार्ड ही नेमकी तशी वस्तू आहे. बोर्ड किंवा एसएमपीएस नंतर बदलायचा म्हणजे अख्खं मशीन उसवायचं.

माझा कौल असा. रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी, बी५५० किंवा चांगला बी४५० बोर्ड, ३२०० वेगाची ८ अधिक ८ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० वॅटचा नावाजलेला ब्रॉन्झ एसएमपीएस, पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट, २४ इंची आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा) मॉनिटर, १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा) किंवा वरचा. कार्ड आत्ता नको. आत्ताच मी जी वर टीका केली आणि आता तोच घ्यायला सांगतोय, कारण परिस्थिती वेगळी आहे: कार्ड नसेल तर साधा ५६०० स्क्रीनच दाखवत नाही, त्याच्या आत ग्राफिक्स नाही. जी वर व्हॅलोरंट फुल एचडीत कमी सेटिंगला साठ फ्रेमच्या आरामात वर चालतो, जीटीए ५ चालतो, सीएस २ सेटिंग खाली आणून खेळण्याजोगा होतो. आतलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, म्हणून इथे दोन स्टिक ही चैन नाही, त्यावाचून निम्मा वेगच मिळणार नाही. उरलेले पैसे बाबांकडेच ठेव. दिवाळीपर्यंत त्यात भर पडली की ८ जीबीचं कार्ड आण. ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, ते टाळ. त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत आणि जी च्या पीसीआयई ३वर ते आणखी अडखळतं. आरएक्स ६६०० आठ लेनचं, त्याला फारसा फरक पडत नाही.

घरात जुना मॉनिटर पडलेला असेल किंवा चुलतभावाकडून मिळणार असेल तर गणित पालटतं. मग साधा ५६०० किंवा आय५-१२४००एफ घे, वाचलेल्या पैशात कार्ड बसतं. इंटेलच्या नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, हे लक्षात असू दे.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण माणूस समोर असेल तर आणि त्याच्याच मशीनवर चालवून. जीपीयू-झी हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायचं. नाव बदलून विकलेल्या कार्डापुढे ते स्वतःच 'फेक' असं लिहून दाखवतं. मग पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम, पंख्याचा आवाज, तापमान. आरएक्स ५८० नावाने कमी कोअरची २०४८एसपी कार्डं भरपूर फिरतायत, त्यांच्यापासून सावध. कार्डावर पूर्वी क्रिप्टो मायनिंग झालं म्हणून मी नाही म्हणत नाही. उघडून दुरुस्त केलेलं असेल तर नाही म्हणतो, स्क्रूच्या डोक्यावरचे ओरखडे बघून ते कळतं. एसएमपीएस मात्र जुना कधीही नाही.

खरेदीसाठी सिल्व्हर मॉलमध्ये एक अख्खी दुपार काढ, आणि घ्यायला नाही, विचारायला जा. तुझी यादी मॉडेल नंबरासकट कागदावर लिहून ने, तीन-चार दुकानांत त्याच यादीचा भाव काढ. 'ये नहीं है भिया, इसके जैसा ही है' असं कुणी म्हणालं की नंबर लिहून घ्यायचा, घरी येऊन तपासायचा. 'बिना बिल'चा भाव १८ टक्के जीएसटी वगळून सांगतात, मोह होतो. पण तीन वर्षांच्या वॉरंटीला पक्कं बिलच लागतं, आणि बिलावर सिरियल नंबर असेल तर फार उत्तम. कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांच्यावरचा आयातदाराचा स्टिकर सोलू नकोस. वॉरंटी इंदूरमध्येच मिळते की पार्ट बाहेर पाठवावा लागतो, हे पैसे द्यायच्या आधी विचार.

असेंबल स्वतःच कर. कोऱ्या हातांनीदेखील एका रविवारात होतं. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एनव्हीएमई आणि कूलर बाहेरच बसवायचा, मग कॅबिनेटमध्ये. एएम४ (या रायझनचं सॉकेट) प्रोसेसरला पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडायचा, तो आपल्या वजनाने बसतो. दाबावं लागत असेल तर काहीतरी वाकडं आहे. बरोबर येणारा एएमडीचा कूलर चार स्क्रूंचा असेल तर बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात. त्या काढताच मागची धातूची पाटी खाली पडते, घाबरायचं नाही, हाताने धरून ठेवायची. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. थर्मल पेस्ट कूलरला लावलेलीच येते, वरून आणखी फासू नकोस. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी तीन गोष्टी: मागच्या पोर्टभोवतीची पातळ पत्र्याची चौकट बसवणं, ती बोट कापते; बोर्डाच्या भोकांखाली पितळी खुंट्या आहेत का ते; आणि प्रोसेसरची पॉवर केबल वरच्या कोपऱ्यातून ओढून ठेवणं, कारण नंतर तिथे हात जात नाही. ही केबल चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन अशी. दिसायला सारख्या, अदलाबदल करायची नाही. दुसऱ्या एसएमपीएसची केबल या एसएमपीएसला कधीच लावू नकोस, टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असते. पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरी सगळ्यांनाच छळतात, बोर्डाच्या पुस्तकात शेवटी आकृती असते, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघ.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर मशीन चालू होऊन स्क्रीन काळी राहिली तर मिनिटभर थांब, बोर्ड रॅम ओळखत असतो. तरीही काही नाही तर बोर्डावर डीरॅम लिहिलेला दिवा पेटलाय का बघ आणि रॅम काढून दोन्ही टोकांना 'टक' होईपर्यंत पुन्हा दाब. बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं. उद्या कार्ड लावलंस की मॉनिटरची केबल कार्डात घालायची, बोर्डात नाही. महागडं कार्ड घेऊन सहा महिने बोर्डाच्या एचडीएमआयवर खेळणारे लोक मी पाहिलेत.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये गेल्यावर एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू कर, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर चालत राहते आणि तुला पत्ता लागत नाही. एफटीपीएम आणि सिक्युअर बूट ही तिथलीच सुरक्षेची सेटिंगंही चालू हवीत, विंडोज ११वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवरच पडून असतो, तो १०० वर आणायचा.

काचेच्या तोंडाचं कॅबिनेट सोडून जाळीचं सांगितलं ते उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश आणि वरच्या मजल्यावरची खोली, पुढून हवा आत गेलीच नाही तर चार रंगीत पंखे तीच गरम हवा गोल फिरवत बसतात. पुढे जाळी, एक पंखा आत ओढणारा, एक मागे बाहेर टाकणारा, पुष्कळ झालं. प्रोसेसर ऐंशीच्या घरात, पुढे कार्ड आलं की तेही पंचाहत्तर-ऐंशी, हे मे महिन्यात चालतं.

यूपीएस घेणार असशील तर नेहमीचा ६०० व्हीएचा म्हणजे खरा ३६० वॅटचा. कार्ड नसताना पुरतो. कार्ड आल्यावर मॉनिटरसकट काठावर येतो, म्हणून जमलं तर १००० व्हीएच्या पुढचा बघ. तो खेळ पुरा करायला नसतो, सेव्ह करून बंद करायला असतो.

आणि धूळ. इंदूर २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर असलं तरी कूलरच्या पात्यांना ते कुणी कळवलेलं नाही. उन्हाळा लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा मशीन गॅलरीत नेऊन ब्लोअर मारायचा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.